मुदत नसलेली ठेव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला बोलायला विषय दिला आहे 'रोजचे अपेक्षाभंग'. विषय जाहीर झाल्यावर आपल्या सेक्रेटरींचा चेहरा जरा उतरला. त्यांना वाटलं, हा म्हातारा आता लिफ्ट, पार्किंग आणि टँकरची बिलं काढून बसणार. साहेब, निर्धास्त राहा. तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेचा, तिथे मी आहेच. शीळफाट्याच्या ट्रॅफिकवरही बोलणार नाही. अपेक्षाभंग व्हायला आधी अपेक्षा असावी लागते.

मी बोलणार आहे ते टीव्ही, सिनेमा, कपडे-दागिने आणि वर्तमानपत्र यांबद्दल. म्हणजे ज्या गोष्टींनी आपली निराशा केली तर आपण कोणाकडे तक्रार करत नाही, नुसतं 'जाऊ दे' म्हणतो, त्यांच्याबद्दल. काही जण म्हणतील, एवढ्या मोठ्या समारंभात हा काय विषय झाला? मालिका आवडत नसेल तर बघू नका. मंडळी, हे उत्तर दादरला राहणाऱ्या माणसाने द्यावं. त्याला चालत जाऊन नाटक बघता येतं.

आपलं तसं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा फाट्यावर रात्रंदिवस ट्रक असायचे आणि रिक्षावाला 'शीळ' म्हटलं की मान हलवायचा. सिनेमा बघायचा तर डोंबिवली नाहीतर ठाणे. नाटक म्हणजे ठाण्याचं गडकरी रंगायतन. डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर पुढे झालं. अंतर फार नाही, पण आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. पनवेलकडून, कल्याणकडून, महापेकडून आणि मुंब्र्याकडून येणाऱ्या गाड्या आपल्या फाट्यावर एकमेकींना भेटतात आणि भेटल्यावर लवकर निरोप घेत नाहीत. साडेआठच्या नाटकाला निघालेला माणूस मध्यंतरात पोचतो, चहा पितो आणि परतीच्या काळजीला लागतो. मग आपल्या वाट्याला राहते ती घरात येईल तेवढीच करमणूक. ती तरी नीट यावी, इतकीच माझी मागणी आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊन सांगतो. आमच्या विंगमध्ये एक ब्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत. सगळी विंग त्यांना आजी म्हणते, मी वहिनी म्हणतो, कारण त्यांचे यजमान माझ्या बरोबर सकाळी फिरायला यायचे. ते गेल्यानंतर वहिनी दिवसभर एकट्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, घरी यायला साडेआठ-नऊ, पावसाळ्यात दहा. संध्याकाळचे सात वाजले की वहिनी दिवा लावायच्या आणि एक मालिका लावायच्या. तिच्यातल्या एका मुलीवर त्यांचा फार जीव. ती मुलगी शिकत होती, सासरचे शिकू देत नव्हते, असं काहीतरी कथानक होतं. दीड वर्ष त्यांनी एक भाग चुकवला नाही. एका सोमवारी सात वाजता टीव्ही लावला तर तिथे दुसरीच मालिका, दुसरंच घर, दुसरीच सासू. शनिवारी घाईघाईने शेवट उरकला होता. वीस मिनिटांत सगळे दुष्ट लोक सुधारले, सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले. नेमक्या त्या शनिवारी आपल्याकडे लाइट गेलेली होती.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला अर्ज लिहायची सवय आहे. त्यांना लिहून विचारा ना, त्या मुलीची परीक्षा झाली का?" मी पत्र लिहिलं. व्यवस्थित, विषय घालून, वहिनींच्या सहीने. उत्तर आलं नाही. हसू नका. मीही त्या दिवशी मनातल्या मनात हसलो, पण नंतर विचार करत बसलो.

बँकेत आमच्याकडे मुदत ठेवीची पावती असायची. तिच्यावर इतर मजकूर कितीही असला तरी ठेवीदार तीन गोष्टी बघायचा: रक्कम, व्याजाचा दर आणि देय तारीख. तारखेला तो हजर. पैसे द्यायला अर्धा तास उशीर झाला तरी मॅनेजरच्या केबिनमध्ये आवाज चढायचा, आणि तो चढायलाच हवा, कारण पैसे त्याचे होते. मालिकेत आपण रोज अर्धा तास ठेवतो. आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे बावन्न आठवडे. करा हिशेब: १५६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेएकोणीस दिवसांची हजेरी झाली. एवढी ठेव ठेवणाऱ्या माणसाला पावती नाही, देय तारीख नाही. आणि मुदतीआधी खातं मोडायचं तर बँकेत तो हक्क ठेवीदाराचा असतो. थोडं व्याज कापून का होईना, त्याचे पैसे त्याला मिळतात. इथे बँकच खातं मोडते आणि ठेवीदाराला सोमवारी सात वाजता कळतं.

याची दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक आहेच. मोडत नाहीत तेव्हा संपवतच नाहीत. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. नाव चार दिवसांचं, भाग तीन हजारांहून जास्त. ती सुरू झाली तेव्हा आपल्या सोसायटीतली जी पोरं बालवाडीत होती, ती संपेपर्यंत दहावीच्या उंबरठ्यावर आली. रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री होती म्हणून निभावलं. उलट २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली, वर्षाच्या आत आटोपली. आजही लोक तिचं नाव काढतात. गोष्ट सांगून झाली की थांबावं, हे ज्याला कळलं त्याची आठवण राहिली.

आता तुम्ही म्हणाल, हे दूरदर्शनच्या काळाचे गोडवे गाणार. थोडे गाणार, सगळे नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम आम्ही चाळीतली माणसं, गुंठाभर जमीन नसताना, मन लावून बघायचो. कारण दुसरं काही नव्हतंच! त्याला आवड म्हणत नाहीत. पाणी घालून वाढवण्याची विद्याही आजची नाही. रामानंद सागरांचं 'रामायण' १९८७ मध्ये सुरू झालं तेव्हा ते ५२ भागांचं ठरलं होतं, लोकांनी उचलून धरलं म्हणून ७८ पर्यंत गेलं. पण रावण ठरल्याप्रमाणे मेला. 'हम लोग' १५४ भागांत संपली, आणि अशोककुमार शेवटी येऊन दोन शब्द बोलून जायचे. आठवडाभर काय लागणार ते 'साप्ताहिकी'त आधी सांगितलं जायचं. प्रक्षेपण तुटलं तर पाटी यायची, 'रुकावट के लिए खेद है'. त्या पाटीची आपण चेष्टा करायचो. पण कोणीतरी, कोणाला तरी, खेद आहे असं सांगत होतं. वहिनींच्या मालिकेच्या जागी अशी एक पाटी लागली असती तरी चाललं असतं.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. मी चौकशी केली, वाचलं. मालिका चालते की नाही हे टीआरपीवर ठरतं. टीआरपी मोजणारी बार्क ही संस्था २०१५ पासून आकडे देते आणि ते दर आठवड्याला येतात. त्यासाठी देशभरातल्या पन्नास हजारांच्या वर घरांमध्ये टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. टीव्ही असलेली घरं देशात वीस कोटींच्या आसपास. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक घर बोलतं आणि बाकीच्यांचं मत त्यात धरलं जातं. नमुना घेऊन अंदाज बांधण्याचं शास्त्र आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. बँकेतही तपासणीला आलेला इन्स्पेक्टर सगळी व्हाउचर बघत नाही. पण मुद्दा असा की ते यंत्र मोजतं कोण बसलं होतं ते. ब्याऐंशी वर्षांची बाई कशासाठी बसली होती, ते त्यात येत नाही. शिवाय हा आकडा आपल्यासाठी नसतोच. तो जाहिरातदारासाठी असतो. नियमाने तासाला बारा मिनिटं जाहिराती, त्यातली दहा बाहेरच्या आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या. मी एका संध्याकाळी घड्याळ घेऊन बसलो. अर्ध्या तासात गोष्ट भरली सतरा मिनिटं. त्यात एक थोबाडीत तीन वेळा दाखवली, तिन्ही बाजूंनी, एकदा काळ्या-पांढऱ्या रंगात. ती वजा केली तर पंधरा.

बातम्यांचं मी लांबवत नाही. सकाळी सहाला 'ब्रेकिंग' असलेली बातमी रात्री नऊलाही 'ब्रेकिंग' असते. वर्तमानपत्र उघडलं की पहिलं पान म्हणजे बिल्डरची जाहिरात, ती उलटली की दुसरी जाहिरात, आणि खरं पहिलं पान पाचव्या क्रमांकाला. माझी नात विचारते, "आजोबा, मग पहिलं पान कुठलं?" काय सांगणार? आणि गंमत बघा, त्या जाहिरातीतला टॉवर बहुधा आपल्याच रस्त्यावरचा असतो आणि त्यात शीळफाटा स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतो.

फॅशनकडे वळतो. ही निराशा थेट मालिकेतून घरात येते. २०१३ मध्ये 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली आणि तिच्यातलं जान्हवीचं मंगळसूत्र गाजलं. दादरपासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत सराफांकडे बायका 'जान्हवीचं द्या' म्हणून मागायला लागल्या. आपल्या सोसायटीतही चार-पाच तरी घडवली गेली. आमच्या नात्यातल्या एका मुलीने आईचं जुनं, घट्ट वजनाचं मंगळसूत्र मोडून ते करून घेतलं. मालिका संपली, तीन वर्षांत फॅशन गेली. आता ते मोडायला नेलं की काय होतं, हे मी बँकेत सोनेतारण बघत असल्यामुळे सांगू शकतो. दागिना तारण ठेवायला आला की आमचा सराफ दोन वजनं लिहायचा. एक एकूण वजन. दुसरं निव्वळ, म्हणजे खडे, मणी, लाख, दोरा सगळं वजा करून. कर्ज मिळायचं निव्वळावर. घडणावळ तर कुठल्याच कागदावर परत येत नाही. बायका म्हणायच्या, "साहेब, एवढं सुंदर डिझाइन आहे!" सराफ मान वर न करता निव्वळ वजन लिहायचा. पहिल्यांदा मोडताना घट, घडवताना मजुरी, पुन्हा मोडताना घट. मालिकेतली जान्हवी नांदली; खर्च आपल्या जान्हवींचा झाला.

नव्या फॅशनला मात्र माझा विरोध नाही. डोंबिवलीत १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, ती पुढे महाराष्ट्रभर पसरली. तिच्यात आता मुली शिवलेली नऊवारी नेसून मोटारसायकल चालवतात. काही जण नाकं मुरडतात. मी म्हणतो, छान आहे. नऊ वारांत गुंतून पडण्यापेक्षा शिवलेली बरी. माझी तक्रार वेगळी आहे. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात? माझ्या नातीच्या जीन्सला चार खिसे दिसतात. त्यातले पुढचे दोन नुसती शिवण आहे, आत काही नाही! पावणेदोन हजारांच्या कपड्यावर खिशाचं चित्र. मोबाइल हातात, पास हातात, आणि दिवा स्टेशनला लोकलमध्ये चढायचं. ज्यांनी दिव्याला सकाळी आठची गाडी पकडली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आणि 'सेमी पैठणी' हा काय प्रकार आहे? येवल्याची हातमागावरची पैठणी घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते, मान्य. यंत्रावरची घ्या, तीही दिसते छान. पण तिला तिच्या नावाने विका. बँकेत मी कधी कोणाला 'सेमी ठेव' दिली नाही.

आता सिनेमा. इथे मात्र मला घरातल्याच माणसांशी भांडायचं आहे.

मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही ही ओरड जुनी. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना सांगितलं की दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात मराठी सिनेमा दाखवा. त्यावरही गदारोळ झाला. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, 'येरे येरे पैसा ३' आणि हिंदी 'सैयारा' एकाच शुक्रवारी आले. हिंदी धो धो चालला, मराठीचे शो काढले म्हणून आंदोलनाची भाषा झाली. हे तुम्ही वाचलं असेल. पण याच काळात आपल्याकडे काय झालं ते सांगतो. आपल्या ज्येष्ठ मंडळाने एक मराठी सिनेमा बघायचा ठरवला. नाव सांगत नाही, त्यात सिनेमाचा दोष नाही. पहिल्या आठवड्यात कोणाची एकादशी, कोणाचा डॉक्टर, कोणाची मुलगी आलेली. दुसऱ्या शनिवारी जायचं ठरलं. गुरुवारी सोळा नावांची यादी घेऊन तिकिटं काढायला बसलो तर जवळच्या थिएटरात एकही शो नाही. सगळ्यात जवळचा शो ठाण्याला, रात्री दहा पन्नासचा. सोळा जण, त्यातल्या सात जणांचे गुडघे बदललेले. कोण जाणार?

सगळे त्या थिएटरवर चिडले. मीही दोन शब्द बोललो. पण बँकेच्या माणसाला खात्याची दुसरी बाजूही बघावी लागते. थिएटरवाला पुढच्या आठवड्याचे शो ठरवताना शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या ते बघतो. आपल्या सोळा खुर्च्या दुसऱ्या शनिवारी येणार आहेत, हे त्याला कसं कळावं? आणि ज्या पहिल्या शनिवारी आपण गेलो नाही, त्याच रात्री आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच सिनेमाची लिंक आली. कोणी टाकली ते बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याखाली एकेचाळीस अंगठे होते. मी मोजले. आपल्या फाट्यावरच्या लोकांनी तो सिनेमा बघितला नाही असं नाही. बघितला, पण ज्या वहीत नोंद होते त्या वहीत नाही. थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आहे. पण मी पोलिसांची भीती घालायला उभा नाही. ज्यांनी अंगठे दिले त्यांतलेच काही जण नंतर मला म्हणाले, "काय हो, आपल्या भाषेतला एक सिनेमा दोन आठवडे ठेवत नाहीत!"

उलटं उदाहरणही आपल्याच डोळ्यांसमोर आहे. २०२३ च्या जूनअखेर 'बाईपण भारी देवा' आला. आपल्या सोसायटीच्या बायका नऊवारी, नथ, गॉगल घालून गेल्या. पहिल्या रविवारी बी विंग, मग त्यांचं ऐकून ए आणि सी. भिशीचा गट गेला, भजनी मंडळ गेलं, काही जणी दोनदा गेल्या. महाराष्ट्रभर असंच झालं आणि मधल्या वारी दुपारचे शो भरायला लागले. त्यासाठी कुठलं आंदोलन करावं लागलं नाही. 'सैराट'ला २०१६ मध्ये ट्रॅक्टर-टेम्पो भरून लोक गेले होते, त्यालाही कोणाच्या आदेशाची गरज पडली नव्हती.

म्हणून समितीच्या परवानगीने एक ठरवलं आहे. दर महिन्याला एक मराठी सिनेमा, तोही पहिल्याच रविवारी, दुपारच्या शोला. सिनेमा बायकांनी निवडायचा, कारण पुरुषांची समिती केली की कोरम होत नाही. तिकिटाचे पैसे आधी भरायचे, उधारी नाही. मालिकांसाठीही ऑफिसात एक वही ठेवतो आहे. ज्याला वाहिनीला काही विचारायचं असेल त्याने त्यात लिहावं, महिन्याच्या शेवटी मी पत्र करून पाठवीन, पोच घेऊन. उत्तर येईल याची हमी देत नाही. पण एका घरातून एक पत्र गेलं तर ते कचऱ्यात जातं. एका सोसायटीतून साठ सह्यांचं गेलं तर कोणीतरी निदान ते कुठे ठेवायचं हे विचारतो. बँकेत माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांचा अनुभव तरी असाच आहे.

रविवारच्या सिनेमाची यादी ऑफिसच्या काउंटरवर आहे. आज सकाळपर्यंत तेरा नावं आली आहेत. त्यात पुरुष दोन, पैकी एक मी. टेम्पो ट्रॅव्हलरला सतरा सीट असतात. ड्रायव्हर म्हणतो, दीडचा शो असेल तर बाराला निघा, फाट्यावर काय होईल ते सांगता येत नाही.